थोरल्या आईचा कॉम्प्युटर

अक्का, तुमचा कॉम्प्युटर चालू होत नव्हता.

‘तुमचा’ लिहिताना आजही माझा हात अडतो. खरं तर तो घराचा. माझा श्रेणिक नववीत गेला तेव्हा त्याच्या अभ्यासासाठी आणलेला. पण मंगळवार पेठेतल्या आपल्या या घरात तो पहिल्या दोन महिन्यांतच तुमचा झाला. जसं स्वयंपाकघर तुमचं होतं, परसातला नळ तुमचा होता, आणि... त्या ‘आणि’वर येतेच मी. घाई नाही. तुम्हाला जाऊन दीड महिना झालाय. आता मधेच "सुजाता, दूध उतू चाललंय बघ" म्हणून मला कुणी तोडत नाही.

तीस वर्षं मी तुमची धाकटी जाऊ. तुम्ही गेलात तेव्हा दारात चपला ठेवायला जागा नव्हती. जो आला तो हेच म्हणत होता, "अक्का म्हंजे घराचा खांब हुत्या." मी पाणी देत होते, चहा देत होते आणि ऐकत होते. खांबाशेजारी तीस वर्षं आणखी कुणीतरी उभं होतं, हे एकालाही दिसलं नाही. एका बाईंनी तर मलाच विचारलं, "तुमी कोन म्हनायच्या अक्कांच्या?"

श्रेणिक बेंगळुरूहून सकाळी पोचला. मी दारातच होते. तो माझ्या अंगावरून पुढे गेला आणि थेट तुमच्यापाशी जाऊन बसला. किती रडला तो, अक्का. अठ्ठावीस वर्षांचा माझा मुलगा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देत होता. सगळी बायकामाणसं डोळ्यांना पदर लावत होती. मीही लावला. पण पदराआड मी काय विचार करत होते, सांगू? मी गेल्यावर हा एवढा रडेल का, असा. देहाला अजून हार घातला नव्हता आणि मी तुमच्याशी तुलना करत होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला आता हरकत नाही.

तुमच्यावर मी जळत होते, अक्का. अजून जळते.

रविवारचे अकरा वाजायला आले की तुम्ही त्या कॉम्प्युटरवरचं कापड उतरवायचात. जुन्या पातळाचं, काठाची झालर लावून तुम्हीच शिवलेलं. ते घडी करून मांडीवर घ्यायचात, बटण दाबायचात आणि श्रेणिकची वाट बघत बसायचात. तुमची नजर अधू, म्हणून मोठा पडदा बरा, असं त्यानंच ठरवून दिलेलं. मग त्याचा चेहरा यायचा आणि त्याचं पहिलं वाक्य, "थोरले आई, चष्मा पूस की." तिथून पुढे अर्धा तास, पाऊण तास. ऑफिसात कोण कुणाशी भांडलं, खोलीवरच्या मित्रानं भात कसा करपवला, सगळं तुम्हाला. त्याच्या ऑफिसातली एक मुलगी त्याला आवडते हे मला तुमच्या तोंडून कळलं, आणि तेही तीन महिन्यांनी. मी आपली स्वयंपाकघरात, माझ्या नाष्ट्याच्या ताटलीवर झाकण ठेवून, हाक कधी येते याकडे कान लावून उभी. शेवटी तुम्ही म्हणायचात, "ये गं सुजाता, बोल पोराशी." मी हात पुसत यायचे. तो विचारायचा, "आई, जेवलीस का?" मी म्हणायचे, "व्हय." मग त्याला दुसरं काम आठवायचं.

तर हा तुमचा कॉम्प्युटर.

तुमच्यामागं श्रेणिकचा फोन रविवारी माझ्या मोबाइलवर येऊ लागला. दोन मिनिटं, फार तर तीन. मी मनाशी म्हटलं, मोबाइलवर कोण कशाला जास्त बोलेल? आपणही त्या खुर्चीत बसू, मोठ्या पडद्यावर त्याला बघू, मग बोलेल की तो. एवढा हिय्या करून गेल्या बुधवारी मी तुमचं ते कापड उतरवलं आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. मला ओळखायलाच तयार नाही तो.

थोरले भाऊजी माळ ओढत बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "मानसाच्या मागं वस्तूबी जाती. ऱ्हाऊ दे त्येला." तुमच्या नवऱ्याचं दुःख मला कळतं, अक्का, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक यंत्रसुद्धा तुमच्यामागं सती जाणार आणि मी इथे बटण दाबत बसणार! ह्यांना सांगितलं तर ह्यांचं वेगळंच. "सोड की त्यो डबा. चौदा वरसं चालला, लई झालं. भंगारवाल्याला सांगतो, रविवारी दुपारी ईल आन् घिऊन जाईल."

म्हणून श्रेणिकला फोन लावला. तो कामात होता. म्हणाला, "आई, थोरली आई असती तर एका मिनटात चालू केला असता बघ." त्याच्या मनात काही नव्हतं. बोलायचं म्हणून बोलला. पण मी फोन ठेवला आणि पदर खोचला. रविवारी अकराच्या आत तो कॉम्प्युटर चालू करायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि श्रेणिकनं विचारलं की सांगायचं, ‘मी केला. तुझ्या आईनं.’ एवढं एक वाक्य मला हवं होतं.

आणि का नको? तुम्ही सातवी शिकलेल्या. मी जयसिंगपूरची बी.एस्सी. लग्नाआधी तिथेच सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. आमचे सर कॅबिनेट उघडून एकेक भाग हातात द्यायचे. तीस वर्षांत त्या सर्टिफिकेटाची घडीसुद्धा कुणी उलगडली नाही, तो भाग वेगळा.

गुरुवारी दुपारी भांडी आवरल्यावर बसले. आधी भिंतीतला सॉकेट. टेस्टर लावला, लाइट होती. मग टेबलामागचा एक्स्टेंशन बोर्ड. त्याचा लाल दिवा चालू, त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघितला, तोही चालला. मग तो यूपीएस, जो वीज गेली की तुमच्या भाषेत ‘कोकलायचा’. त्याची बॅटरी कधीच मेली होती. तो मधून काढून टाकला आणि कॅबिनेटची वायर सरळ बोर्डात घातली. काही नाही. मॉनिटरची वायर आणि कॅबिनेटची वायर एकाच जातीची असते, म्हणून अदलाबदल केली. मॉनिटरचा बारका दिवा लागला, म्हणजे दोन्ही वायरी ठीक. कॅबिनेट मात्र गप्प.

शुक्रवारी सगळ्या वायरी काढून बाजूचे स्क्रू काढले. मला वाटलं होतं, आत बोटभर धूळ असेल आणि तुमचं पितळ उघडं पडेल. धूळ कुठली! दर दिवाळीला श्रेणिककडून ते उघडवून तुम्ही मऊ ब्रशनं साफ करून घ्यायचात, हे मी विसरले होते. आतसुद्धा तुमचा हात फिरलेला. मला तिथेही चिडायला जागा मिळाली नाही, आणि त्याचाच जास्त राग आला.

रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं पुसले आणि खट् आवाज होईपर्यंत परत बसवली. आमचे सर म्हणायचे, निम्मे कॉम्प्युटर खोडरबरनंच बरे होतात. हा दुसऱ्या निम्म्यांतला निघाला.

शनिवारी दुपारी पुन्हा बसले. उद्या भंगारवाला येणार होता. वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा उरला होता. तो गेला असेल तर मग माझ्या हातात काही नव्हतं. सरांनी दाखवलेली एक युक्ती आठवली. त्याचा मोठा प्लग सोडवायचा आणि हिरव्या वायरचं भोक काळ्या वायरच्या भोकाला तारेच्या तुकड्यानं जोडायचं, मग वीज चालू करायची. आकाशकंदिलाची तार कापून घेतली. पायांत रबरी चपला घातल्या, मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला आणि स्विच टाकला. डब्यातला पंखा भर्रकन फिरला! अक्का, मी एकटीच त्या खोलीत टाळ्या वाजवल्या. भाऊजी आत डोकावले आणि माळ ओढत निघून गेले.

डबा चांगला, वायरी चांगल्या. मग बिघडलं काय? सगळं परत जोडलं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी सावकाश दाबलं. आणि तेव्हा ध्यानात आलं, काहीतरी ऐकू येत नाहीये. तुम्ही बटण दाबायचात तेव्हा ‘टक्’ असा आवाज यायचा. स्वयंपाकघरात उभं राहून मी तो चौदा वर्षं ऐकला होता. माझ्या बोटाखाली मात्र टक् होतच नव्हतं. बटण आत जातच नव्हतं. मला कळलं नाही कारण चौदा वर्षांत मी ते कधी दाबलंच नव्हतं. तुम्ही दाबायचात.

चष्मा लावून, मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. बटणाच्या चारी कडांनी काहीतरी गच्च बसून वाळलं होतं. टाचणीनं खरवडलं. लाल. हळद-कुंकू, अक्का. तेलात कालवलेलं, दगडासारखं वाळलेलं.

आणि ते मी लावलं होतं.

खंडेनवमी आठवली. दर वर्षी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा तुम्ही करायचात. विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, ह्यांची मोटारसायकल आणि शेवटी हा कॉम्प्युटर. पहिल्या वर्षी श्रेणिकनं तुम्हाला विचारलं होतं की कुंकू कुठे लावणार, ह्याला कपाळ कुठे आहे? तुम्ही म्हणाला होतात, "जितं बोट ठिवलं की जागं हुतंय, त्येच ह्येचं कपाळ." पोरगा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होता. मी तेव्हाही जळले होते. तेरा वर्षं तुम्ही त्या बटणाला कुंकू लावलंत. दुसऱ्या दिवशी बटण स्वच्छ कसं असायचं, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या. तबक माझ्या हातात आलं. तुम्ही आजारी होतात, आणि मला आनंद झाला होता. लाज वाटते लिहायला, पण झाला होता. मी भरपूर कुंकू कालवलं, तुमच्यापेक्षा जास्तच, आणि अंगठ्यानं दाबून लावलं. तुम्ही पलंगावरून मान उचलून म्हणालात, "सुजाता, आदी त्येला चिकट..." आणि मी म्हणाले, "म्हायीत हाय मला, अक्का. पडा तुमी."

तुम्ही पडलात. पुन्हा काही बोलला नाहीत. दोन दिवसांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं. परत आणलं तेव्हा उठून बसण्याचं त्राण नव्हतं, त्यामुळे पोराशी बोलणं पलंगावरच, मोबाइलवर. त्या कॉम्प्युटरला खंडेनवमीनंतर कुणी हात लावलाच नाही.

शनिवारी मी तुमच्या टेबलाचा खण ओढला. त्यात चिकटपट्टीचं रीळ होतं. पारदर्शक. त्याचं टोक तुम्ही दुमडून ठेवलं होतं, पुढच्या वेळी नखानं शोधावं लागू नये म्हणून. म्हणजे आधी बटणावर पट्टी, मग पट्टीवर कुंकू, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढून टाकायची. एवढं साधं. सातवी शिकलेल्या बाईला ते सुचलं होतं आणि बी.एस्सी.ला सांगायला गेली तर बी.एस्सी.नं तिला गप्प केलं. मी खुर्चीत बसून राहिले. खूप वेळ. रडले, पण तुमच्यासाठी किती आणि स्वतःच्या फजितीसाठी किती, ते मला विचारू नका.

आता त्या ‘आणि’वर येते. स्वयंपाकघर तुमचं, नळ तुमचा आणि पोरगा तुमचा. पण तो तुमचा कसा झाला, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. कॉम्प्युटर घरात आला त्या आठवड्यात तुम्ही आधी माझ्याकडे आला होतात. ओले हात पुसत म्हणालात, "तू शिकल्याली हाईस न्हवं? मला बी दाव की ह्ये कसं चालवत्यात." आणि मी काय म्हणाले? "तुमाला काय करायचंय अक्का ह्या वयात?" घरात एक तरी गोष्ट अशी असावी जी मला येते आणि तुम्हाला येत नाही, एवढंच मला हवं होतं. तुम्ही हसलात आणि श्रेणिककडे गेलात. तो रोज शाळेतून आला की तुम्हाला शिकवू लागला. तुम्ही माउस दोन्ही हातांनी लाटण्यासारखा धरायचात आणि तो पोट धरून हसायचा. तुम्ही एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलंत तेव्हा त्यानं गल्लीत पेढे वाटले. आपल्या जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून मी आतून हाका मारायचे, आणि तुम्ही दोघं एका सुरात म्हणायचात, "आलो, आलो." येत नव्हतात. मी एका वाक्यानं माझा मुलगा तुमच्या शेजारी नेऊन बसवला. त्या वाक्याबद्दल तुम्ही मला कधीच टोमणा मारला नाहीत. मारला असतात तर आपलं एकदा चांगलं कडाक्याचं भांडण झालं असतं आणि मी मोकळी झाले असते.

असो. टाचणीनं कडा कोरल्या, कापसाला थोडं रॉकेल लावून पुसलं, कोरडं केलं. बटण दाबलं. टक्.

रविवारी अकराला मी खुर्चीत होते. तुमचं ते कापड घडी करून मांडीवर घेतलं होतं. का घेतलं माहीत नाही. श्रेणिकचा चेहरा आला, आणि मला बघून तो क्षणभर दचकलाच. त्या चौकटीत त्यानं मला कधी बघितलंच नव्हतं.

"आई! चालू झाला? कोन आलतं दुरुस्तीला?"

"कोन न्हाय. मी केला," मी म्हणाले. चार दिवस घोकलेलं वाक्य, बरोबर जागी पडलं.

"तू?" तो मोठ्यानं हसला. खुश होऊन हसला, अक्का, कुत्सितपणे नाही. "तुला कळलं कसं काय बिघडलंय त्ये?"

कोर्सचं सांगायचं होतं. हिरव्या वायरचं सांगायचं होतं. टाळ्या वाजवल्या ते सांगायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या थोरल्या आईनं सांगितलंतं."

तो हळूच म्हणाला, "काय सांगितलंतं?"

"आदी चिकटपट्टी लाव, असं सांगत हुत्या. मी पुरतं बोलू दिलं न्हाय."

मग सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, मी तुम्हाला कसं गप्प केलं तेही. तो चष्मा काढून हसत होता आणि डोळे पुसत होता. मग त्यानं मला तुमचं काय काय सांगितलं. तुम्ही त्याला पहिल्यांदा इमेल कशी पाठवली होती, ज्यात नुसतं ‘जेव’ एवढंच लिहिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, माझं तिकडे लक्ष होतं. त्रेचाळीस मिनिटं. माझा मुलगा माझ्याशी त्रेचाळीस मिनिटं बोलला, आणि सगळी त्रेचाळीस मिनिटं तुमच्याविषयी. तुम्ही गेल्यावरसुद्धा ती खुर्ची पूर्ण रिकामी करून दिली नाहीत.

दुपारी भंगारवाला आला. ह्यांनी त्याला जुना यूपीएस दिला आणि वाटेला लावलं. पण ते नंतरचं. त्याआधी श्रेणिक बंद करता करता थांबला. म्हणाला, "आई, एक सांगू? थोरली आई दर रविवारी तुला हाक मारायच्या आदी मला बारीक आवाजात सांगायची. म्हनायची, ‘आईला इचार जेवलीस का. तुजा फोन येतूय म्हनून ती सकाळपास्नं काय खात न्हाय, ताट झाकून ठिवती.’"

मला वाटायचं, ती झाकलेली ताटली कुणाला दिसत नाही. आणि मुलगा विचारतोय तो एक प्रश्न तरी माझा स्वतःचा आहे, असं मी इतकी वर्षं धरून बसले होते. तोही तुमचाच निघाला, अक्का. माझ्यासाठी त्याच्या हातात दर रविवारी ठेवलेला. यावर तुमच्याशी भांडू की तुमचे पाय धरू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, खंडेनवमीला अजून कितीतरी महिने आहेत तरी. रिळाचं टोक दुमडून खणात ठेवलं.

"मग? जेवलीस का?" त्या रविवारी बंद करण्याआधी श्रेणिकनं विचारलं. मी "व्हय" म्हणाले.

जेवले नव्हते, अक्का.